कॅल्शियम निवडण्याआधी भांड्यातला फॉस्फरस बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन कुत्री आहेत. एक तीन वर्षांची देशी मादी, वजन २० किलो. दुसरं चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, वजन १४ किलो. दोघांनाही उकडलेलं बोनलेस चिकन, भात आणि थोडं गाजर-भोपळा मिळतो. पिल्लाला रोज दोन चमचे कॅल्शियमचं सिरप चालू आहे. ओळखीतलं कोणी अंड्याच्या टरफलांची पूड सुचवतं, कोणी नाचणी, कोणी चिकनच्या कच्च्या माना. मादीला सध्या टिक फीवरसाठी (गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी) डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही चालू आहे. मग यातलं कोणतं कॅल्शियम चांगलं?

दोघांसाठी उत्तर वेगवेगळं आहे, आणि ते बाटलीवरच्या नावावर ठरत नाही. तुम्ही भांड्यात जे वाढता त्यात फॉस्फरस किती आहे, यावर ठरतं.

हाड काढलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस असतो साधारण २०० मि.ग्रॅ. आणि कॅल्शियम जेमतेम १० मि.ग्रॅ. म्हणजे वीसास एक. काळीज-कलेजीत हे प्रमाण आणखी बिघडतं. कुत्र्याच्या शरीराला मात्र फॉस्फरसच्या बरोबरीने, किंवा त्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत कॅल्शियम लागतं. जंगलातला मांसाहारी प्राणी शिकार हाडासकट खातो, त्यामुळे त्याचं गणित आपोआप जुळतं. आपण प्रेमापोटी हाडं वेचून काढतो आणि कॅल्शियम त्या हाडांबरोबर कचऱ्यात जातं. भात, गाजर, भोपळा ही कमतरता भरून काढत नाहीत.

कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असं खाणं रोज मिळालं की पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात. रक्तातली कॅल्शियमची पातळी घसरू द्यायची नाही हे त्यांचं काम, आणि त्यासाठी त्या हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. म्हणूनच अशा पिल्लाच्या रक्ततपासणीत कॅल्शियम बहुतेक वेळा नॉर्मल येतं. "डॉक्टर, रिपोर्ट तर चांगला आहे" असं म्हणून पालक निश्चिंत होतात, हे मला दर वेळी काळजीत टाकतं. रक्त भरलेलं दिसतं ते हाडं रिकामी होत असल्यामुळे. आहारातलं कॅल्शियम पुरेसं आहे का, हे रक्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. त्यासाठी खाण्याचा हिशोब मांडावा लागतो आणि गरज पडली तर एक्स-रे काढावा लागतो.

तो एक्स-रे एकदा बघितला की विसरता येत नाही. पिल्लू येतं तेव्हा तक्रार एवढीच असते की सोफ्यावरून उडी मारली आणि लंगडायला लागलं. निरोगी पिल्लाच्या मांडीच्या हाडाची कड फिल्मवर जाड, पांढरीशुभ्र रेघ म्हणून दिसते. इथे ती कागदाइतकी पातळ असते. हाड आणि भोवतालचं मांस यांच्या छटेत फारसा फरकच उरत नाही. एक ताजं फ्रॅक्चर शोधायला जावं तर आधीची एक-दोन अर्धवट जुळलेली सापडतात. कमरेचं हाड आत दबलेलं असेल तर पुढे आयुष्यभर शी करताना कुंथावं लागतं, आणि मादी असेल तर बाळंतपण अडतं. अशा हाडाला प्लेट-स्क्रू लावायला गेलं तर स्क्रूला पकड मिळत नाही. बंदिस्त जागेत विश्रांती आणि नीट तोललेला आहार हाच उपचार, आणि वेळेत सुरू केला तर काही आठवड्यांत हाडं भरू लागतात. अशा बहुतेक पिल्लांना घरी "भरपूर चिकन" मिळत असतं. लाड कमी पडलेले नसतात.

आता तुमच्या मादीचा हिशोब मांडू. पूर्ण वाढलेल्या, निरोगी कुत्र्याला अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ च्या शिफारशीनुसार दर १००० किलोकॅलरी खाण्यामागे १ ग्रॅम कॅल्शियम लागतं. वजनावरून काढलं तर ५ किलोच्या कुत्र्याला रोज साधारण ४३५ मि.ग्रॅ., १० किलोच्याला ७३०, २० किलोच्याला १२३० आणि ३० किलोच्याला १६७० मि.ग्रॅ. वजन दुप्पट झालं म्हणून गरज दुप्पट होत नाही हे लक्षात घ्या. समजा तुमची मादी दिवसाला ४०० ग्रॅम बोनलेस चिकन (वजन कच्चं असतानाचं) आणि ३०० ग्रॅम शिजलेला भात खाते. त्यातून फॉस्फरस मिळतो साधारण ९३० मि.ग्रॅ. आणि कॅल्शियम सुमारे ७०. तूट जवळजवळ ११६० मि.ग्रॅ. कॅल्शियमची आहे. फॉस्फरसची अजिबात नाही.

म्हणून तिला फक्त कॅल्शियम देणारा, फॉस्फरस न वाढवणारा पदार्थ हवा. तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि अंड्याचं टरफल हे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं. टरफलाच्या पुडीत साधारण ३८ टक्के शुद्ध कॅल्शियम धरा. म्हणजे ३ ग्रॅम पूड दिली की ११४० मि.ग्रॅ. मिळतं, आणि एकूण प्रमाण फॉस्फरसच्या सव्वा-दीडपटीच्या आसपास येऊन बसतं. हेच कॅल्शियम बोन मीलमधून, म्हणजे हाडांच्या पुडीतून, द्यायला गेलात तर त्याबरोबर आणखी अर्धा ग्रॅम फॉस्फरस येतो आणि फॉस्फरस पुन्हा वरचढ होतो. मांसाच्या भांड्यात बोन मील घालू नये ते यासाठी.

टरफलाची पूड करताना घाई करू नका. टरफलं धुऊन पाण्यात दहा मिनिटं उकळा, साल्मोनेला जंतूंची भीती राहत नाही. मग उन्हात किंवा मंद आचेवर तव्यावर पूर्ण कोरडी करा. चटणीच्या भांड्यात फिरवा, मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेलं पुन्हा फिरवा. दोन बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे. कण टोचत असतील तर ते नीट विरघळणार नाहीत आणि बरंचसं तसंच शीवाटे बाहेर पडेल. एका अंड्याच्या कोरड्या टरफलातून साधारण ५ ते ६ ग्रॅम पूड, म्हणजे जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण चमच्यावर विसंबू नका. आपल्याकडे चहाचा चमचा म्हणून घराघरांत जे असतं त्यात दीडपटीचा फरक सहज पडतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो. एकदा मोजून बघा की तुमच्या चमच्यात किती मावते, मग रोज मोजायची गरज नाही. पूड दोन्ही वेळच्या खाण्यात विभागून, अन्नात कालवून द्या. उपाशी पोटी नको.

माणसांच्या गोळ्या चालतात का, असंही बरेच जण विचारतात. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी चालते, पण लेबल दोनदा वाचा. १२५० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट असं लिहिलेलं असतं तेव्हा शुद्ध कॅल्शियम त्यात ५०० मि.ग्रॅ. असतं. बाकीचं वजन कार्बोनेटचं. कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१ टक्के, लॅक्टेटमध्ये १३ आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९ टक्के शुद्ध कॅल्शियम असतं. त्यामुळे "आमच्या बाटलीत जास्त मिलिग्रॅम आहेत" या वाक्याला काही अर्थ नाही. कॅल्शियम यातल्या कोणत्या रूपात आहे ते आधी बघायचं. दीर्घकाळ पँटोप्राझोलसारखं ॲसिड कमी करणारं औषध चालू असेल तर मी सायट्रेट देतो, एरवी कार्बोनेट पुरतं. चघळायच्या किंवा शुगर-फ्री गोळ्यांमध्ये झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य असू शकतं. ते कुत्र्यासाठी विष आहे, थोडं खाल्लं तरी रक्तातली साखर धाडकन खाली येते. अशी गोळी घरात असेल तर हाताशी लागणार नाही अशी ठेवा.

गोळ्यांमधला खरा धोका बरोबर येणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा आहे. ५०० च्या एका गोळीत अनेकदा २५० युनिट डी-३ असतं, काहींत त्याहून जास्त. मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात दर १००० किलोकॅलरीमागे गरज सुमारे १३६ युनिटची आणि सुरक्षित मर्यादा सुमारे ८०० युनिटची. तुमच्या मादीला अशा दोन गोळ्या दिल्या तर ५०० युनिट होतात, चालून जातं. पण पिल्लाची रोजची सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियमची गरज (हिशोब पुढे आहे) याच गोळ्यांनी भागवायला गेलात तर आठ गोळ्या आणि २००० युनिट होतात. हे चालणार नाही. आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं ते ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल कुत्र्याला कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून घरच्या घरी देऊ नका. १० किलोच्या कुत्र्यात एवढ्या एका डोसने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

याच ओघात आणखी एक. "रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसवतो" हे ऐकायला छान वाटतं, पण कुत्र्याची कातडी माणसासारखं पुरेसं ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. अंड्याचा बलक, उकडलेली तारली किंवा बांगडा यांतून थोडंफार मिळतं. तारली कुकरमध्ये चांगली शिजवली तर तिची बारीक हाडं बोटाने चुरडतात आणि त्यांचं कॅल्शियमही मिळतं. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा जरूर द्यावी, बिनमिठाची. सुकट, सोडे, खारे बोंबील मात्र मिठामुळे नकोत.

आता पिल्लू. इथे मला जास्त वेळ घ्यावासा वाटतो, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते आणि दोन्हींची किंमत हाडांनी चुकवावी लागते.

वाढत्या पिल्लाला दर १००० किलोकॅलरीमागे ३ ग्रॅम कॅल्शियम आणि अडीच ग्रॅम फॉस्फरस लागतो. तुमचं लॅब पिल्लू या वयात दिवसाला १२०० ते १५०० किलोकॅलरी खात असेल, म्हणजे गरज साडेतीन ते साडेचार ग्रॅम कॅल्शियमची. समजा सिरपच्या दर ५ मि.ली.मध्ये १५० मि.ग्रॅ. शुद्ध कॅल्शियम आहे. दोन चमच्यांतून मिळालं ३०० मि.ग्रॅ., गरजेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे तुम्ही "कॅल्शियम चालू आहे" या समाधानात आहात आणि पिल्लू मात्र कमतरतेत वाढतंय. बरं, ही तूट नुसत्या टरफलाच्या पुडीने भरावी तर तेही बरोबर नाही. चिकन-भातात दर १००० किलोकॅलरीमागे फॉस्फरस मिळतो फक्त १ ग्रॅमच्या आसपास. मोठ्या कुत्र्याला तो पुरतो, पिल्लाला निम्म्याहूनही कमी पडतो. त्यामुळे पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही देणारा पदार्थ लागतो: डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा खाण्यायोग्य दर्जाचं बोन मील, वर थोडं कार्बोनेट. नर्सरीत गुलाबाच्या कुंड्यांसाठी मिळतं ते बोन मील खत आहे. ते कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये.

दुसरी चूक याच्या उलट. पिल्लाला पिशवीतलं चांगलं पपी फूड चालू असतं, ज्यात सगळं तोलून घातलेलं असतं, आणि वर सिरप, वर गोळी, वर दूध. पूर्ण वाढलेलं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातून कमी शोषून घेतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही, जेवढं दिलं त्यातलं बरंच आत जातं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात हेझविंकल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं. कोरड्या अन्नात १.१ टक्के कॅल्शियम मिळालेली पिल्लं नीट वाढली. ३.३ टक्के मिळालेल्यांची हाडं उशिरा पक्व झाली, सांध्यांच्या कूर्चेत दोष आले, पुढचे पाय वाकले. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन अशा मोठ्या जातींना हा धोका सगळ्यात जास्त. शिवाय जादा कॅल्शियम जस्ताचं शोषण अडवतं. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, कोपरांवर जाड खपल्या धरलेलं पिल्लू येतं, आणि चौकशी केली की कळतं, दिवसाला तीन प्रकारचं कॅल्शियम आणि पोळी-दूध. पोळीतलं फायटेट (धान्यातलं, खनिजं अडवून धरणारं द्रव्य) जस्त आणखी बांधून ठेवतं.

म्हणून लॅब पिल्लाच्या बाबतीत माझा स्पष्ट सल्ला: अंदाजाने बनवलेला घरचा आहार सध्या थांबवा. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं, पिशवीवर पूर्ण आणि संतुलित आहार असं लिहिलेलं फूड आठ-दहा दिवसांत हळूहळू सुरू करा, आणि त्यावर कॅल्शियमचा एक थेंबही देऊ नका. चिकन द्यायचं तर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण सव्वा वर्षानंतर, घरच्या आहाराकडे वळता येईल. आताच घरचं द्यायचा आग्रह असेल तर पशुपोषणाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहिलेला आहार घ्या आणि वजन वाढेल तसा तो बदलून घ्या.

जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियम देण्याची पद्धत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. कान कूर्चेचे असतात, दात येण्याच्या काळात ते वर-खाली होतात, आणि उभे राहायचे असले तर वेळ झाली की राहतात. माती खातो, भिंत चाटतो म्हणून कॅल्शियम सुरू करणंही तसंच. आधी जंत आणि रक्तक्षय तपासा.

नाचणीबद्दल. नाचणीत कॅल्शियम आहे हे खरं, १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मि.ग्रॅ. पण तुमच्या मादीची गरज त्यावर भागवायची तर रोज ३५० ग्रॅम पीठ लागेल, आणि त्यातच तिच्या दिवसभराच्या सगळ्या कॅलरी संपतील. त्यातही फायटेट बरंचसं अडवतं. भाताऐवजी अधूनमधून नाचणी जरूर द्या, पण पुरवणी म्हणून मोजू नका. दूध-दह्याचंही तेच: गाईच्या १०० मि.ली. दुधात सुमारे १२० मि.ग्रॅ. कॅल्शियम, म्हणजे रोज लिटरभर दूध. तिचं पोट बिघडल्याशिवाय राहणार नाही. पायाचं सूप, हाडांचा रस्सा यांत चव उतरते, कॅल्शियम फारसं उतरत नाही. आणि गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दुधातून द्या असे संदेश फिरतात, तो कृपा करून देऊ नका. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

कच्च्या मानांचा प्रश्न वेगळा आहे. कच्चं हाड हा कॅल्शियमचा खराखुरा स्रोत आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण किती मिळालं हे कळत नाही. माना जास्त झाल्या की शी पांढरी, खडूसारखी होते आणि कुत्रं कुंथत बसतं. आणि आपल्या दुकानात "कुत्र्याचं चिकन" म्हणून जे बाजूला काढलेलं असतं ते कोणत्या ठोकळ्यावर कापलं, उन्हात किती वेळ होतं, याची खात्री कोण देणार? साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कुत्र्याच्या तोंडातून आणि शीतून घरातल्या लहान मुलांपर्यंत, आजी-आजोबांपर्यंत पोचतात. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात कच्चं चिकन आणि कुत्र्यांमध्ये अचानक येणारा एक प्रकारचा मज्जातंतूंचा लुळेपणा यांचा संबंध दिसला आहे. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर मी कच्चं देऊ नका असंच सांगतो. देणारच असाल तर विश्वासाच्या ठिकाणाहून, हाडासकट बारीक खिमा केलेलं घ्या. शिजवलेलं हाड मात्र कोणत्याही घरात नको, त्याच्या सुळ्यासारख्या कपच्या होतात.

कोणाची मादी गाभण असेल, विशेषतः पोमेरेनियन-स्पिट्झसारखी लहान, तर गाभणपणात कॅल्शियमची जादा पुरवणी देऊ नका. बाहेरून मिळत राहिलं की पॅराथायरॉइड सुस्तावतात, आणि पिल्लं दूध प्यायला लागली की अचानक वाढलेली मागणी त्यांना पुरवता येत नाही. व्यायल्यावर पहिल्या महिन्यात मादी धापा टाकायला लागली, पाय ताठले, अंग थरथरायला लागलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्यालाही पुरवणी स्वतःहून सुरू करू नका. तिथे फॉस्फरस कमी ठेवायचा असतो आणि बोन मीलने नुकसान होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो: कॅल्शियम जुळलं म्हणजे आहार जुळला असं नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ साली घरच्या आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. चिकन-भातात जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हमखास कमी पडतं. मादीसाठी टरफलाची पूड आजपासून सुरू करा, पण पुढच्या भेटीत आठवडाभरात काय काय किती ग्रॅम वाढलं ते लिहून आणा, आणि जे सिरप वापरताय त्याची बाटली पण. बाकीची पुरवणी त्यावरून ठरवू.

आणि तिच्या डॉक्सिसायक्लिनचं: कॅल्शियम त्या औषधाला आतड्यात बांधून ठेवतं, औषध पुरेसं शोषलं जात नाही आणि टिक फीवर अर्धवट बरा होऊ शकतो. कोर्स संपेपर्यंत गोळी आणि कॅल्शियम यांत किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. सोपं पडावं म्हणून कोर्सपुरती सगळी पूड रात्रीच्या खाण्यात घाला. डॉक्सिसायक्लिन दिवसातून एकदाच असेल तर सकाळी, दोनदा असेल तर दुसरी गोळी रात्रीच्या खाण्याच्या तीन तास आधी. गोळी दुधातून किंवा पनीरच्या तुकड्यात लपवून देऊ नका, त्यातही कॅल्शियमच आहे. चिकनच्या तुकड्यातून द्या आणि वर थोडं पाणी पाजा, म्हणजे गोळी घशात अडकून अन्ननलिकेला जखम करणार नाही.